एका कानाच्या सशाचं तिकीट

घरातल्या शिलाई मशीनवर भोकं पाडलेला कागद दिसला म्हणून कुणी ओरडत नाही. मल्हारी गांगुर्डे ओरडले, आणि त्याला कारण होतं. गांगुर्डे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं तपासायच्या खात्यात होते. छापून आलेला ताव समोर घ्यायचा, एकेका तिकिटावरून नजर फिरवायची, कुठं रंग सांडलाय, कुठं रेघ सरकलीय, कुठं भोकांची ओळ वाकडी गेलीय ते बघायचं, आणि चूक दिसली की लाल पेन्सिलीनं फुली मारून खाली सही ठोकायची. बाद झालेलं तिकीटसुद्धा मोजायचं. एकही इकडचं तिकडे होता कामा नये. हे असं बावीस वर्षं केल्यावर माणूस घरी आल्यावर तरी वेगळा कसा वागणार?

गांगुर्डे पापड मोजून तळायला देत. धोब्याकडून शर्ट आला की घडी मोडायच्या आधी गुंड्या मोजत. भाजीवाली अजून पाटी खाली ठेवते आहे तोवर कोथिंबिरीची जुडी उजेडाकडे धरून बघत. त्यांच्या पत्नी विमलाबाई याला ‘ह्यांची ड्यूटी’ म्हणत. ड्यूटी प्रेसमध्ये आठ तास आणि घरी सोळा तास चालायची.

त्यांच्या अभिमानाचा खास विषय म्हणजे सहा रुमाल. लग्नात सासरवाडीहून मिळालेले, पांढरे, निळ्या दोऱ्यानं कड शिवलेले. नोकरी आणि लग्न एकाच वर्षातलं, म्हणजे रुमालही बावीस वर्षांचे झाले होते. लोकांचे रुमाल एसटीत राहतात, लग्नात राहतात, न्हाव्याच्या खुर्चीवर राहतात. गांगुर्ड्यांचे सहाच्या सहा होते. दर रविवारी ट्रंक उघडून ते मोजत आणि कुलूप लावून किल्ली करदोड्याला अडकवत. प्रेसच्या फाटकावर झडती घेणारा धोंडीराम पगारे कॉलनीत त्यांच्या शेजारीच राहायचा. रोज संध्याकाळी सुटताना तो गांगुर्ड्यांचे खिसे चाचपायचा, रुमाल बाहेर काढायचा आणि विचारायचा, “रुमाल तोच का?” गांगुर्डे मान ताठ करून सांगायचे, “तोच.” बावीस वर्षांत झडतीत त्यांच्याकडे रुमालाखेरीज काही निघालं नव्हतं. सुपरवायझरच्या जागांची यादी येत्या महिन्यात लागणार होती, आणि त्या यादीत नाव यायला कोऱ्या पाटीसारखं रेकॉर्ड लागतं, हे प्रेसमध्ये झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

तर त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतला तो सोळा तारखेचा रविवार. गांगुर्डे बाजारातून आले, आणि मशीनवर तो ताव दिसला. वीस चौकोन, प्रत्येकात रंगीत चित्र, चारी बाजूंनी बारीक भोकं. चित्रात फेटा बांधलेला एक मिशाळ माणूस टोपलीतून ससा काढत होता. वर लिहिलं होतं ‘भारत’. कोपऱ्यात ‘२५’.

“विमल!” गांगुर्डे ओरडले. “घरात तिकिटं कुणी छापली?”

“मी, दाजी!” म्हणत मोरीतून तोंड पुसत सहादू बाहेर आला. तोच तो फेटेवाला, फक्त फेटा नव्हता.

सहादू विमलाबाईंचा धाकटा भाऊ. विंचूरला त्याचं टेलरिंगचं दुकान होतं. पण ते पोटासाठी. जीव अडकला होता जादूत. अंगठी लिंबातून काढायची, पोरीला पेटीत घालून पेटीला सळया खुपसायच्या, असले प्रयोग तो जयंतीला, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला करायचा, आणि फलकावर ‘प्रोफेसर सहादूकुमार’ असं लिहायचा. येत्या सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या मैदानावर त्याचा पंचविसावा प्रयोग होता. आधीच्या चोवीसांपैकी सहा प्रयोग गांगुर्ड्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिले होते, आणि सहाही वेळा मोठ्यानं मोजून पाडले होते. “डाव्या बाहीत दोन पत्ते आहेत,” असं ते म्हणायचे, आणि असायचे.

“हे बघा आधी,” म्हणत सहादूनं पाकिटातून चार तिकिटं काढली. ही मात्र खरी होती, कुठल्याशा लहानशा परक्या देशाची. त्याचं नाव सहादूलाही उच्चारता येत नव्हतं. तिकडच्या एका जादूगाराशी त्याचा पत्रव्यवहार होता, त्यानं पाठवली होती. एकावर उंच टोपीचा माणूस टोपीतून कबुतर काढत होता, दुसऱ्यावर एक बाई हवेत आडवी तरंगत होती, तिसऱ्यावर पत्ते, चौथ्यावर दोरी. “जादूच्या कलेचा मान म्हणून त्यांच्या सरकारनं काढली. दोरीचा खेळ आपला, आणि तिकीट त्यांचं! आपल्याकडं का नाय?”

गांगुर्ड्यांनी भिंग काढलं. “टोपीचा लाल रंग सुतभर खाली उतरलाय,” ते म्हणाले. “आमच्याकडे हे बाद झालं असतं.”

“तेच तर! तुम्ही प्रेसमध्ये. सायबाच्या कानावर घाला. एक जादूचं तिकीट छापा म्हणावं.”

काय छापायचं ते दिल्लीला ठरतं, आम्ही फक्त चुका काढतो, हे गांगुर्ड्यांनी त्याला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा सहादू ‘तुमच्या मनात असलं तर होतं’ अशा चेहऱ्यानं हसला. दिल्लीचं व्हायचं तेव्हा होईल, तोवर प्रयोगाच्या जाहिरातीसाठी त्यानं आपलीच तिकिटं काढली होती. गावातल्या एका बारक्या छापखान्यात दहा ताव छापून घेतले होते, आणि भोकं पाडायला बहिणीची मशीन चांगली, म्हणून दोरा न ओवता प्रत्येक रेघेवरून सुई चालवली होती. ‘२५’ म्हणजे पंचवीस पैसे नव्हे, पंचविसावा प्रयोग. ‘भारत’ कशाला, तर प्रोफेसर भारतातले म्हणून.

“अरे, हे दिसतं तिकिटासारखं!” गांगुर्डे म्हणाले. “प्रेसच्या माणसाच्या घरात, प्रेसच्या कॉलनीत! कुणी पाहिलं तर काय म्हणेल?”

“लय भारी म्हणेल,” सहादू म्हणाला, आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात गेला.

यानंतर जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. गांगुर्डे एकटे राहिले आणि समोर ताव होता. त्यांना खरं म्हणजे तो फाडायचा होता. पण हात भिंगाकडे गेला. पहिली ओळ ठीक होती. दुसऱ्या ओळीत सातव्या चौकोनातल्या सशाला एकच कान होता. दुसऱ्या कानाच्या जागी रंग उठलाच नव्हता. खिशातून लाल पेन्सिल आली (स्वतःच्या पैशानं घेतलेली, प्रेसची नव्हे; हे ते कुणी न विचारताही सांगत), सशावर फुली पडली, खाली ‘बाद’ पडलं, त्याखाली ‘म. गां.’ आणि ‘१६-१’. मग उरलेले नऊ ताव तपासून झाले. दोनशेपैकी एक बाद. काम चांगलं होतं, असं त्यांना क्षणभर वाटूनही गेलं. आणि मग एकदम लक्षात आलं. तिकिटासारख्या दिसणाऱ्या, सरकारी नसलेल्या कागदावर प्रेसच्या तपासनिसाची तारखेसकट सही झाली होती.

त्यांनी सगळे ताव गोळा केले, ट्रंकेत रुमालांच्या खाली ठेवले आणि कुलूप लावलं. सहादूला बजावलं, सव्वीस तारखेला मैदानावरच मिळतील, तोवर कुणाला दाखवायचं नाही. सहादू फारसं न बोलता संध्याकाळच्या एसटीनं विंचूरला गेला. इतक्या सहज ऐकलं, याचासुद्धा गांगुर्ड्यांना संशय आला.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी ट्रंक उघडली. रुमाल सहा, म्हणजे एक खिशात आणि पाच आत. ताव मोजले. दहाच. चौकोन मोजले. एकशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजले. पहिल्या तावाच्या दुसऱ्या ओळीत, सातव्या जागी, भोकांवरून नीट फाडलेली एक रिकामी खिडकी होती. एका कानाचा ससा गेला होता, आणि तो म. गां. आणि १६-१ सकट गेला होता.

“विमल, आज घरात कोण कोण आलं होतं?”

“समोरच्या सुमनबाई आल्या होत्या विरजण मागायला. धोंडीरामभाऊ सकाळी पेपर वाचून गेले. आणि मी होते.”

गांगुर्ड्यांनी तिघांनाही यादीत घातलं. विमलाबाईंना फक्त नियम म्हणून घातलं, पण घातलं. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली दिवसभर त्यांच्या कमरेला होती. म्हणजे चोर साधासुधा नव्हता. चोरीपेक्षा त्यांना पुढची भीती होती. एखाद्या भाबड्या माणसानं ते चिठोरं खरं समजून पाकिटाला लावलं आणि डब्यात टाकलं, की ते पोस्टात पकडलं जाणार, सहीवरून प्रेसला कळणार, चौकशी बसणार, आणि सुपरवायझरची यादी दुसऱ्याच नावावर संपणार. बावीस वर्षं झडती देऊन कमावलेलं नाव एका सशापायी जाणार होतं, आणि त्याला कानही धड दोन नव्हते.

संशयाचा पहिला मान सुमनबाईंना मिळाला. त्यांची लेक लासलगावला दिली होती आणि तिला त्या आठवड्याला दोन पत्रं टाकत. मंगळवारी सकाळी त्या पाकीट घेऊन निघाल्या, तर गांगुर्डे कॉलनीच्या फाटकात उभे. “द्या, मी टाकतो.” त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, तिकिटाला नख लावून बघितलं, उजेडाकडे धरलं. बुधवारीही तेच. बुधवारी दुपारी सुमनबाई विमलाबाईंकडे येऊन बसल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “वैनी, राग मानू नका, पण मल्हारीभाऊ माझी पत्रं का बघत्यात? माझ्या लेकीच्या संसारात त्यांचं काय हाय?”

ही बातमी कॉलनीच्या नळावर पोचायला अर्धा तास पुरला. त्यानंतर नळावर गांगुर्डे आले की बायका आपापल्या कळश्या अंगाजवळ ओढून घेत. आयुष्यभर दुसऱ्याकडे संशयानं पाहिलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी तसं पाहिलं की कसं लागतं ते गांगुर्ड्यांना नव्यानं कळत होतं, आणि ते मुळीच आवडत नव्हतं.

त्याच बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते पोस्टात गेले. खिडकीत मोतीराम देवरे नावाचे कारकून होते, सटाण्याकडचे. बोलता बोलता तिकडचं बोलणं मध्येच निसटायचं.

“एखादं पत्र आलंय का,” गांगुर्डे आवाज खाली घेत म्हणाले, “ज्याला खरं तिकीट नाही?”

“पाठवणाऱ्याचं नाव?”

“माहीत नाही.”

“कुणाला पाठवलं?”

“माहीत नाही.”

“मग माहीत काय शे तुमाले?”

“ससा आहे. एका कानाचा.”

देवऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गांगुर्ड्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “अर्ज करा,” ते म्हणाले. “दोन प्रतींत. हरवलेल्या वस्तूचा नमुना जोडा.”

“हरवलेल्या वस्तूचा नमुना कसा जोडू?”

“तसलीच दुसरी असेल ना?”

दुसऱ्या तसल्याच एकशे नव्व्याण्णव आहेत, आणि त्या माझ्या ट्रंकेत आहेत, हे उत्तर गांगुर्ड्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळून ते मागे वळले. “थांबा,” देवरे म्हणाले, “नाव सांगून जा.” आणि बावीस वर्षांत एकदाही खोटं न बोललेल्या गांगुर्ड्यांनी आपलं पूर्ण नाव, खातं आणि पत्ता सांगितला. देवऱ्यांनी तो एका वहीत लिहिला. वहीवर काय लिहिलं होतं ते गांगुर्ड्यांना भिंगाशिवाय दिसलं नाही.

शनिवारी पोस्टमन दारात उभा राहिला. रजिस्टर पाकीट! गांगुर्ड्यांच्या नावचं, टाइप केलेला पत्ता, मागे पाठवणाऱ्याचं नाव ‘एक सेवक’, एवढंच. शिक्का कुठला ते बघायचंही भान न राहता त्यांनी शेजारच्याच रकान्यात सही ठोकली, तेव्हा पोस्टमननं विचारलं, “काका, कुणी गेलं का?”

पाकीट घेऊन ते थेट धोंडीरामकडे गेले. धोंडीराम फाटकावरचा माणूस. चौकश्या, मेमो, नोटिसा यांत त्याचा अर्धा जन्म गेला होता. त्यानं पाकीट हातावर तोललं, कानाशी हलवलं.

“उघडू नका,” तो म्हणाला.

“का?”

“उघडलं की मिळालं असं होतं. मिळालं की पंधरा दिवसांत खुलासा द्यावा लागतो. न उघडलेल्या कागदाला खुलासा नसतो. आमच्या साडूनं एक मेमो चार वर्षं उघडला नव्हता, तो रिटायर झाला पण काय झालं नाय.”

“आणि आत चांगली बातमी असली तर?”

“चांगली बातमी कुणी रजिस्टरनं पाठवतं का मल्हारीभाऊ?”

हे गांगुर्ड्यांना पटलं. त्यांना अशाच गोष्टी पटत. आता पाकीट ठेवायचं कुठं? ट्रंकेवरचा विश्वास उडाला होता. शेवटी त्यांनी ते समारंभाला घालायच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि खिसा टाचणीनं बंद केला. टाचणीचं टोक कुठल्या दिशेला आहे तेही लक्षात ठेवलं. सोमवारी, मंगळवारी ते कामावर गेले, ताव तपासले, पण प्रत्येक तावातला प्रत्येक पुढारी आपल्याकडेच रोखून बघतोय असं त्यांना वाटत राहिलं. मंगळवारी त्यांच्या हातून एक ताव दोनदा तपासला गेला. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, “बरं नाही का, गांगुर्डे?” त्याच्याकडेही ते जरा वेळ बघत राहिले.

सव्वीस जानेवारीची संध्याकाळ. मैदानावर सतरंज्या, पुढे खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मधोमध प्रमुख पाहुणे म्हणून प्रेसमधले साहेब. यादी तयार करणारे तेच. गांगुर्डे काळा कोट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत बसायचं बळ आज नव्हतं. छातीपाशी टाचणी बोचत होती. सहादूनं अंगठी लिंबातून काढली, गांगुर्डे गप्प. पत्ते हवेतून आले, गांगुर्डे गप्प. कॉलनीला चुकल्यासारखं झालं. पोरं मागे वळून त्यांच्याकडे बघू लागली.

मग सहादूनं फेटा सारखा केला. “मंडळी, आता शेवटचा प्रयोग. जादूला तिकिटावर मान मिळावा ही आमची इच्छा. त्यासाठी ही आमची तिकिटं.” आणि त्यानं ते दहा ताव वर धरले, जे संध्याकाळीच ट्रंकेतून मोजून त्याच्या ताब्यात दिले होते. “पोस्टात चालत नाहीत, फक्त मनात चालतात. आता यांची मोजणी करायला ह्या नाशिकरोडातला सगळ्यात कडक माणूस बोलावतो. दाजी, या वर!”

टाळ्या पडल्या. गांगुर्ड्यांना उठावं लागलं. स्टेजवर पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांच्या हातात ताव आले.

“किती छापली होती, दाजी?”

“दोनशे.”

“आता किती हायेत? मोजून सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

इथं गांगुर्ड्यांना सुटायला जागा होती. दोनशे म्हणायचं आणि खाली उतरायचं. कोण मोजणार होतं? साहेब समोर, यादी पुढच्या महिन्यात, धोंडीराम डोळ्यांनी ‘दोनशे म्हणा’ असं सांगतोय. गांगुर्ड्यांनी मोजलं. दहा ताव पूर्ण मोजले, ओठ हलवत.

“एकशे नव्व्याण्णव,” ते म्हणाले.

“एक कमी? कुठलं?”

“एका कानाचा ससा.” गांगुर्ड्यांनी ताव नीट जुळवले. “त्यावर माझी सही आहे. लाल पेन्सिलीनं. सोळा तारखेची. ते सोमवारी माझ्या घरातून हरवलं. मी कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक.” हे शेवटचं वाक्य ते साहेबांकडे बघून म्हणाले.

सहादूनं कांडी फिरवली. “दाजी, कोटाच्या आतल्या खिशात बघा.”

गांगुर्ड्यांनी टाचणी काढली. टोक जसं होतं तसंच होतं. पाकीट बाहेर आलं. सहादूनं ते त्यांच्या हातातच राहू दिलं, साहेबांना वर बोलावलं आणि सगळ्यांना ऐकवत विचारलं, “साहेब, पाकीट बंद आहे? शिक्का कधीचा?”

“बंद आहे. एकोणीस तारीख, विंचूर,” साहेब म्हणाले.

“फोडा.”

साहेबांनी फोडलं. आतून एकच चौकोन निघाला. साहेबांनी तो पेट्रोमॅक्सपाशी धरला, खिशातून चष्मा काढून वाचला आणि मोठ्यानं हसले. “बाद! म. गां.! अहो गांगुर्डे, बायकोच्या भावाचा ससाही सोडला नाहीत?”

मैदान टाळ्यांनी दणाणलं. शिट्ट्या वाजल्या. धोंडीराम उभा राहून टाळ्या पिटत होता, जणू पाकीट न उघडण्याची सगळी युक्ती त्याचीच, आणि तशी ती होतीही. गांगुर्डे चौकोनाकडे बघत होते. सही खरी होती, पेन्सिल खरी होती, उजव्या बाजूला किंचित तिरकी गेलेली फुली त्यांचीच होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या कागदात त्यांना चूक सापडत नव्हती.

साहेब उतरताना म्हणाले, “हरवलं हे चारचौघांत सांगितलंत, ते बरं केलंत. खोटं बोलला असतात तर पाकीट फुटल्यावर माझ्यासमोर उघडे पडला असतात.” यादी फेब्रुवारीत लागली तेव्हा त्यात गांगुर्ड्यांचं नाव होतं, पण तोवर त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

प्रयोग संपल्यावर घरी जेवताना सहादूनं सगळं सांगून टाकलं. सहा वेळा दाजींनी खेळ पाडला, तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, दाजींनाच खेळात घ्यायचं. भोकं पाडलेला कागद समोर ठेवला की दाजी तपासणार, चूक दिसली की सही ठोकणार, म्हणून एका तावावरच्या एका सशाचा कान त्यानंच छापखान्यात रंग ओला असताना पुसून ठेवला होता. “आणि दुसऱ्या कुणी पाकीट आल्या आल्या फोडलं असतं. पण रजिस्टर म्हटल्यावर तुम्ही नाय उघडणार, याची मला गॅरंटी होती.”

“पण ट्रंकेतून काढलं कुणी? किल्ली माझ्याकडे होती.”

विमलाबाईंनी भाकरी वाढली, हात पुसला, आणि म्हणाल्या, “या इकडे.” त्यांनी ट्रंक भिंतीपासून ओढली आणि मागच्या बिजागरीतला खिळा दोन बोटांनी उपसून काढला. झाकण मागच्या बाजूनं उघडलं. पुढं कुलूप तसंच लटकत होतं.

“लग्नाच्या वर्षीच सैल झालाय,” त्या म्हणाल्या. “सोमवारी सकाळी काढलं आणि विंचूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती ह्याच्याकडे दिलं. पाकीट कोटाच्या खिशात टाचलंय, हेही ह्याला मीच सांगितलं.”

गांगुर्डे खाटेवर बसले. “बावीस वर्षं तू ह्यातून वस्तू काढतेस?”

“काढत नाही. घालते.”

“काय घालतेस?”

“रुमाल.”

गांगुर्ड्यांना आधी कळलंच नाही. विमलाबाईंनी सहा रुमाल खाटेवर ओळीनं मांडले. “पहिला मनमाडच्या गाडीत राहिला, लग्नाला महिना झाला नव्हता. मग येवल्याच्या लग्नात. मग न्हाव्याकडे दोनदा. मी तसंच कापड आणून शिवायचे आणि मागून ठेवून द्यायचे. एकोणीस झाले.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही कुणावर संशय घेतला असता?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सहादूच्या पानात भात वाढायला गेल्या.

गांगुर्ड्यांनी भिंग काढलं. पहिल्या रुमालाच्या कडेचा निळा फिका होता, दुसऱ्याचा गडद, तिसऱ्याचा जांभळ्याकडे झुकलेला, चौथ्याचे टाके मोठे, पाचव्याचे घाईचे. सहाव्याची कड अजून परीटघडीची होती. लाल रंग सुतभर उतरलेला त्यांना परक्या देशाच्या तिकिटावर दिसला होता, आणि हे बावीस वर्षं रोज नाकाला लावूनही दिसलं नव्हतं, कारण रविवारी मोजताना ते फक्त कमी काय झालं ते बघत होते. त्यांना लाज वाटली. बरंही वाटलं, आणि कुठलं जास्त वाटलं ते ठरवता येईना. करदोड्याची किल्ली सोडून त्यांनी स्वयंपाकघरात नेली आणि विमलाबाईंपुढे धरली.

“ठेवा तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “मला लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. गांगुर्डे फाटकावर रांगेत उभे राहिले. धोंडीरामनं खिसे चाचपले, नेहमीसारखा रुमाल बाहेर काढला आणि नेहमीसारखं विचारलं, “रुमाल तोच का?”

“नाही,” गांगुर्डे म्हणाले. “एकोणिसावा.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा धोंडीरामनं तो रुमाल पूर्ण उलगडला, दोन्ही बाजूंनी उजेडाकडे धरला, झटकून बघितला, आणि चारही कडा बोटांनी चाचपल्यावरच त्यांना घरी सोडलं.